ई-रीडर की टॅब? आधी पुस्तकांची यादी करा, मग दुकानात जा

साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात जाऊन "वाचायला काहीतरी दाखवा" म्हणा, काऊंटरवर टॅब येणार. "किंडल?" (म्हणजे ॲमेझॉनचा ई-रीडर, फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र) विचारलंत तर "ते ऑनलाइनच मागवावं लागेल, आणि त्यात यूट्यूब चालत नाही बरं का" असं उत्तर मिळणार. दुकानदाराचं काही चुकत नाही, त्याच्याकडे जे आहे ते तो दाखवतो. घोळ होतो तो आपल्या बाजूने. नेमकं काय वाचायचंय हे न ठरवताच आपण यंत्र बघायला निघतो.

मी स्वतःसाठी ई-रीडर घेतला, आईसाठी टॅब घेतला आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या भाच्यासाठी पुन्हा वेगळा टॅब शोधला. तेव्हापासून नात्यातले, ऑफिसातले लोक फोन करून विचारतात, "काय घेऊ?" त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. इंटरनेटवर या विषयावर जे सल्ले मिळतात, ते इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. त्याला हवं ते पुस्तक स्टोअरमध्ये नीट तयार मिळतं. मराठी वाचणाऱ्याचं बरंचसं साहित्य स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, कुठल्या तरी ॲपमध्ये नाहीतर वेबसाइटवर विखुरलेलं आहे. म्हणून आपला निर्णय यंत्रापासून नाही, फायलींपासून सुरू होतो.

1. वहीत यादी करा: काय वाचणार आणि ते कुठून येणार

येत्या वर्षभरात जे वाचायची खरोखर शक्यता आहे ते लिहा. "कधीतरी वाचीन" असलं काही नको. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या रूपात मिळतं ते लिहा. ही रूपं साधारण पाच आहेत.

*स्टोअरचं ई-पुस्तक.* ॲमेझॉनने डिसेंबर 2016 मध्ये भारतीय भाषांची किंडल पुस्तकं आणली, त्यात मराठी होती. ही पुस्तकं अक्षर लहानमोठं केलं की ओळी आपोआप नव्याने मांडून घेतात. ईपब नावाच्या फाइलचंही तसंच. ई-रीडरवर वाचायला याहून सुखाचं दुसरं काही नाही.

*ॲपमधलं पुस्तक.* बुकगंगासारख्या ठिकाणी घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं. ते किंडलवर टाकता येत नाही. तुमच्या यादीत अशी पुस्तकं जास्त असतील तर किंडलचा विषय तिथेच संपला. हे न पाहता किंडल घेऊन नंतर हळहळणारे मी पाहिलेत.

*अक्षरांची पीडीएफ.* बालभारतीची पाठ्यपुस्तकं, एनसीईआरटी, शासन निर्णय. पान ठरलेल्या आकाराचं असतं. ते मोठं करून बघता येतं, पण ओळी नव्याने मांडल्या जात नाहीत.

*स्कॅन केलेली पीडीएफ.* जुन्या पुस्तकांच्या पानांचे फोटोच म्हणा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर असा मोठा ठेवा फुकट आहे, इंटरनेट अर्काइव्हवरही आहे. लहान स्क्रीनवर सगळ्यात जास्त छळतात त्या याच फायली.

*वेबसाइट.* आपल्या वाईत घडलेला मराठी विश्वकोश आता पूर्ण ऑनलाइन वाचता येतो. वर्तमानपत्रांचे ई-पेपर, विकिस्रोत हेही यातच धरा. ई-रीडरवरचा ब्राउझर नावापुरता असतो. नोंदीवरून नोंदीवर उड्या मारत वाचायचं असेल तर टॅबच हवा.

यादी झाली की कुठल्या रांगेत किती नावं आली ते मोजा. पहिल्या रांगेत गर्दी असेल तर ई-रीडर, बाकी रांगांत असेल तर टॅब. पुढचं सगळं या निर्णयाला धार लावण्यासाठी.

आणि हो, टेलिग्रामवर फिरणाऱ्या "सर्व मराठी पुस्तकं मोफत" छाप फायली यादीत धरू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात. त्यानंतरचं साहित्य कायदेशीर फुकट आहे आणि ते एका माणसाला आयुष्यभर पुरेल इतकं आहे. आपल्याकडे मराठी लेखकाच्या हातात आधीच फार काही पडत नाही, त्यातलं निदान आपण तरी काढून घेऊ नये.

2. दोन्ही पडद्यांतला फरक समजून घ्या

ई-रीडरचा पडदा म्हणजे ई-इंक. त्यात सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे विद्युतभारित कण असतात. विजेच्या इशाऱ्याने हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच टिकवायला वीज लागत नाही, फक्त पान उलटताना लागते. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. पण कंपनी सांगते ते आठवडे रोज अर्धा तास वाचन धरून असतात. तुम्ही रोज तीन तास वाचत असाल तर हिशोब त्या मानाने करा. तरीही टॅबच्या आठ-दहा तासांपुढे तो कितीतरी जास्त भरतो.

दुसरा फायदा उन्हाचा. थंडीत सकाळी गच्चीवर ऊन खात बसा, ई-इंकवरची अक्षरं छापील कागदासारखी आणखी ठळक दिसतात. त्याच उन्हात टॅबवर आपलंच तोंड दिसतं. एसटीत खिडकीशेजारी बसून साताऱ्याहून पुण्याला जाताना हा फरक लगेच कळतो.

तोटेही सांगतो. पान उलटायला किंचित वेळ लागतो, मधूनच पडदा काळा-पांढरा लुकलुकतो, व्हिडिओ विसरा. रंगीत ई-इंक आता मिळते, पण तिच्यात काळी अक्षरं इंचाला 300 ठिपक्यांनी उमटत असतील तर रंग साधारण 150 ठिपक्यांनीच उमटतो आणि एकूण पडदा जरा मळकट दिसतो. नकाशे आणि आकृत्यांसाठी म्हणून तिच्यावर जास्तीचे पैसे घालावेत असं मला तरी वाटत नाही.

डोळ्यांबद्दल बरंच काही विकलं जातं. "निळा प्रकाश डोळे खराब करतो" हे पडद्यांच्या बाबतीत सिद्ध झालेलं नाही. डोळे चुरचुरतात ते टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात म्हणून. ई-इंक शांत वाटते हे खरं, कारण नोटिफिकेशन नाही आणि प्रकाश थेट डोळ्यांत येत नाही. पण तासभर वाचलं की मान वर करून अजिंक्यताऱ्याकडे बघायचं, हे दोन्ही यंत्रांना लागू.

3. आकार कागद कापून ठरवा

इंचांचे आकडे वाचून काही कळत नाही. घरी हे करून बघा.

जुन्या वर्तमानपत्रातून दोन तुकडे कापा. एक 9 बाय 12 सेंटीमीटरचा, हा 6 इंची ई-रीडर. दुसरा साधारण 15 बाय 24 सेंटीमीटरचा, हा 11 इंची टॅब. आता घरातलं नेहमीच्या डेमी आकाराचं मराठी पुस्तक काढा आणि मोठा तुकडा पानावर ठेवा. पान पूर्ण झाकलं जाईल, कारण डेमी पान साधारण 14 बाय 21.5 सेंटीमीटरचं असतं. म्हणजे जुन्या पुस्तकाचं स्कॅन 11 इंची टॅबवर मूळ आकारात, न ताणता वाचता येतं. हाच टॅबचा सगळ्यात मोठा उपयोग आणि जाहिरातीत त्याबद्दल अवाक्षर नसतं.

आता तोच मोठा तुकडा ए-फोर कागदावर ठेवा. ए-फोरची रुंदी 21 सेंटीमीटर, टॅबची 15. म्हणजे 12 पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटचं होणार. तरुण डोळ्यांना चालेल. लहान तुकडा ठेवून बघा: तेच अक्षर पाच पॉइंटवर येतं, औषधाच्या डब्यावरच्या बारीक मजकुराएवढं. 6 इंची ई-रीडरवर ए-फोर नोट्स वाचायचा विचार इथेच सोडून द्या. आडवा धरला तरी एक पान दोन-तीन वेळा सरकवावं लागतं आणि मग वाचनात लक्ष राहत नाही.

8 ते 9 इंचांचे टॅब हातात छान बसतात, स्वस्तही असतात. पण पीडीएफसाठी ते "ना इकडचे ना तिकडचे" होतात. ॲपमधली पुस्तकं आणि वेबसाइट एवढंच काम असेल तरच ते घ्या.

वजनही बघा. 7 इंची किंडल पेपरव्हाइट साधारण 210 ग्रॅम, 11 इंची टॅब 480-500 ग्रॅम. पलंगावर आडवं पडून वाचणाऱ्याने अर्धा किलो साखरेची पुडी पंधरा मिनिटं छातीवर धरून बघावी, मग ठरवावं.

4. मराठी अक्षरांची परीक्षा घ्या

ही पायरी लोक सर्रास सोडतात. देवनागरी दिसते म्हणजे मराठी नीट दिसते असं नाही. फोनमध्ये ही ओळ लिहून ठेवा आणि जे यंत्र घेणार त्यावर उघडून बघा:

"कऱ्हाडच्या दुसऱ्या ॲकॅडमीच्या वाङ्मय मंडळाला ऑक्टोबरात सुट्ट्या, इमारत उद्ध्वस्त."

वाक्याला अर्थ फारसा नाही, पण अवघड सगळी जोडाक्षरं यात आली. बघायचं ते असं. कऱ्हाडमधला अर्धा र आडव्या रेघेसारखा, हाला चिकटून दिसला पाहिजे. त्याऐवजी ह वर रफार आला किंवा र चा पाय मोडून तो सुटा उभा राहिला, तर फॉन्ट मराठीसाठी नीट केलेला नाही. ॲच्या जागी रिकामा चौकोन किंवा ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर फॉन्ट जुना. उद्ध्वस्तमधला द्ध्व फुटला तर लांबलचक कादंबरी वाचताना दर पानाला ठेच लागणार. आपल्याच जिल्ह्यातल्या गावाचं नाव यंत्राला लिहिता येत नसेल तर ते यंत्र आपल्या काय कामाचं?

आता दुसरी परीक्षा, पीडीएफची. फाइल उघडा आणि समोर दिसणारा एखादा शब्द शोधून बघा. सापडला नाही तर तो मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला झाला, तर ती फाइल श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये बनवलेली आहे. मराठीत छपाईचं पुष्कळ काम वर्षानुवर्षं याच फॉन्टमध्ये झालं. अशी फाइल ई-पुस्तकात बदलायला गेलात तर पुस्तकभर तोच काला मिळतो. ती पानाच्या रूपातच वाचायची, म्हणजे मोठा पडदा हवा. तुमच्या यादीतल्या दोन-तीन पीडीएफवर ही चाचणी आधीच करा.

5. वाचणारा कोण, ते पाहून ठरवा

*कादंबऱ्या, कथा, चरित्रं वाचणारे* आणि त्यातही इंग्रजी-मराठी मिश्र वाचणारे: ई-रीडर, डोळे झाकून. 6 किंवा 7 इंच पुरे.

*एमपीएससी, यूपीएससीची मुलं:* इथे मी जरा लांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. अभ्यासिकेत एकाने किंडल आणलं की दोघं-तिघं आणतात. पण या अभ्यासाचं साहित्य म्हणजे ए-फोर पीडीएफ, नकाशे, जुन्या प्रश्नपत्रिका आणि व्याख्यानांचे व्हिडिओ. शिवाय पानावर खुणा करायच्या असतात, समासात लिहायचं असतं. हे सगळं 11 इंची टॅब आणि स्टायलसचं (पडद्यावर लिहायच्या पेनचं) काम. स्टायलस टॅबसोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो आणि त्या मॉडेलला खरा पेन चालतो का, हे आधी विचारा. शे-दोनशे रुपयांची रबरी टोकाची काडी कुठल्याही पडद्यावर चालते, पण तिने बारीक देवनागरी लिहिणं जमत नाही, आणि तळहात टेकला की वेडीवाकडी रेघ उमटते. 10 इंची ई-इंक आणि पेन असलेली यंत्रं मिळतात, कागदावर लिहिल्यासारखं वाटतं, पण त्यांच्या किमतीत चांगला टॅब आणि वर्षभराची छापील पुस्तकं येतील. टॅबवर इन्स्टाग्राम आहे ही भीती खरी आहे. त्यावर उपाय असा की टॅबमध्ये सिम घालायचं नाही, लागेल तेव्हाच फोनचा हॉटस्पॉट द्यायचा.

विकत घेण्याआधी एक चौकशी करा. ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना राज्य शासनाच्या महाज्योती संस्थेकडून जेईई, नीट, एमएचटी-सीईटीच्या पूर्वतयारीसाठी टॅब दिले गेले आहेत. घरात दहावी झालेलं आणि विज्ञान शाखेला जाणारं मूल असेल तर महाज्योतीच्या संकेतस्थळावर अर्ज सुरू आहेत का ते पाहा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास प्रमाणपत्र, आधार, दहावीची गुणपत्रिका आणि अकरावीच्या प्रवेशाचा पुरावा तयार ठेवा. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला ऐन मुदतीच्या दिवशी निघत नाही, तो आधीच काढून ठेवा.

*आजी-आजोबा, आई-वडील:* नजर कमी झाली असेल, पण मोठ्या अक्षरात वाचता येत असेल आणि यंत्राची फार सवय नसेल, तर ई-रीडर उत्तम. एक बटण, एक पुस्तक, चुकून काही उडत नाही. मोतीबिंदू वाढलाय, वाचवतच नाही अशी स्थिती असेल तर टॅब घ्या, कारण अँड्रॉइडवर गूगलचा मराठी आवाज मजकूर वाचून दाखवतो. आवाज यंत्राचाच आहे, पण कळतो. माझी आई आता वर्तमानपत्र असंच ऐकते आणि उच्चार चुकला की टॅबला ओरडते. स्कॅन केलेली पाने मात्र या आवाजाला वाचता येत नाहीत, त्याला खरी अक्षरं लागतात.

*शाळकरी मुलं:* बालभारतीच्या रंगीत पीडीएफसाठी टॅब लागेल. पण गोष्टी वाचायची गोडी लावायची असेल तर यंत्राआधी एक चक्कर भिलारला मारा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि महाबळेश्वरला जाता-येता होण्यासारखं आहे.

*सांगली-मिरज भागातल्या वाचकांसाठी* एक वेगळी गोष्ट. 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी घरांत शिरलं आणि अनेकांची पुस्तकांची कपाटं गेली. डिजिटल प्रत घेण्यामागे तुमचं तेच कारण असेल, तर यंत्रापेक्षा त्यातल्या फायली जास्त मोलाच्या. त्या कशा जपायच्या ते पायरी 8 मध्ये आहे.

6. टॅब घेताना कुठल्या आकड्यांकडे बघायचं

रॅम (यंत्र चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी) खरी किती ते विचारा. "16 जीबी" लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात "8+8" असतं. त्यातली दुसरी 8 म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली, तिचा उपयोग नाममात्र. वाचनासाठी खरी 4 जीबी किमान, 6 असली तर बरं.

स्टोरेज 128 जीबी घ्या. स्कॅन केलेलं एकेक पुस्तक पन्नास-शंभर एमबी सहज खातं. मेमरी कार्डाची सोय असेल तर 64 वर भागेल.

पडदा 1920 बाय 1200 किंवा त्याहून जास्त. 11 इंचांत यापेक्षा कमी असेल तर देवनागरीच्या मात्रा-वेलांट्या अस्पष्ट दिसतात. इंग्रजीला ते खपून जातं, आपल्याला नाही.

सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. दोन-तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल "ऑफर"मध्ये मिळतं तेव्हा त्यातली निम्मी वर्षं आधीच सरलेली असतात.

नाव कधी न ऐकलेल्या कंपनीचा "10 इंची, 12 जीबी, 512 जीबी, फक्त 6,000" असला टॅब घेऊच नका. सेटिंगमध्ये दिसणारे आकडेही खोटे दाखवलेले असू शकतात.

7. ई-रीडर घेताना

आपल्याकडे व्यवहारात पर्याय म्हणजे किंडल. 2024 ची पेपरव्हाइट भारतात 2025 मध्ये आली, तेव्हा किंमत 16,999 होती. 7 इंची पडदा, पिवळसर प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय आणि पाण्यापासून संरक्षण. दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत थांबता येत असेल तर थांबा. पाण्याचं संरक्षण आहे म्हणून पावसाळ्यात कासला भिजवत न्यायचं नाही, ते अपघातापुरतं असतं.

कोबो हा दुसरा पर्याय, तो ईपब थेट वाचतो. ऑनिक्स बूक्ससारखी यंत्रं ई-इंक असून अँड्रॉइडवर चालतात, म्हणजे त्यांवर बुकगंगाचं ॲपही टाकता येतं. कागदावर हा मराठी वाचकासाठी सगळ्यात चांगला मेळ आहे. पण किंमत जास्त, आणि परदेशातून किंवा खासगी विक्रेत्याकडून आलेल्या यंत्राची वॉरंटी कोण देणार ते बिलावर लेखी घ्या. ई-इंकचा पडदा काचेचा असतो. तो फुटला की दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो आणि जिल्ह्यात ते करून देणारं कुणी मिळत नाही. टॅबचं तसं नाही, मोठ्या कंपन्यांची सेवा केंद्रं साताऱ्या-सांगलीसारख्या शहरांत असतात. म्हणून ई-रीडरसोबत कव्हर पहिल्याच दिवशी घ्या.

जुनं किंडल स्वस्तात मिळतं. घेताना तीन गोष्टी. विकणाऱ्याने समोर त्याच्या खात्यातून ते काढून टाकलं पाहिजे. मग तुमच्या खात्याने ते सुरू झालं पाहिजे. हे दोन्ही झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, कारण चोरीचं किंवा अडवलेलं यंत्र इथेच उघडं पडतं. तिसरी गोष्ट वाय-फायची. पेपरव्हाइटच्या 2021 पूर्वीच्या पिढ्यांना फक्त 2.4 गिगाहर्ट्झ कळतं. नव्या फोनचा हॉटस्पॉट 5 वर असेल तर त्यांना तो दिसतच नाही आणि माणूस यंत्र बिघडलंय म्हणून डोकं धरून बसतो. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड बदला, दिसायला लागतं.

स्टोअरमधून "विकत" घेतलेलं किंडल पुस्तक म्हणजे वाचण्याची परवानगी. ते उधार देता येत नाही, रद्दीत घालता येत नाही, खातं गेलं तर पुस्तकंही गेली. फेब्रुवारी 2025 पासून ॲमेझॉनने घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून केबलने टाकायची सोयही बंद केली. हे मान्य असेल तरच त्या स्टोअरवर मोठा संग्रह उभा करा. घरात एकाच खात्यावर दोन-तीन यंत्रं चालवली तर घेतलेलं पुस्तक सगळ्यांना वाचता येतं, हा त्यातला दिलासा.

दुकानात जाताना किंवा ऑनलाइन मागवताना सोबत ठेवा

- पायरी 1 ची यादी
- पेन ड्राइव्हवर किंवा फोनमध्ये तीन फायली: एक मराठी ईपब, एक स्कॅन केलेली पीडीएफ, एक ए-फोर नोट्सची पीडीएफ
- कऱ्हाडची ओळ
- वाचायचा चश्मा (हसू नका, लोक विसरतात आणि मग "अक्षर ठीक वाटलं" म्हणतात)
- हप्त्यावर घेणार असाल तर आधार, पॅन आणि बँकेचं कार्ड. "शून्य व्याज" असलं तरी प्रक्रिया शुल्क किती ते विचारायचं
- पक्कं जीएसटी बिल मिळेलच असं आधी कबूल करून घेणं. बिलावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवायचा

डेमोसाठी ठेवलेला टॅब नेहमी पूर्ण उजेडावर ठेवलेला असतो. उजेड अर्ध्यावर आणा आणि दुकानाच्या दाराशी जाऊन फाइल उघडा. एका दुकानात मला सील फोडलेलं खोकं "फक्त चेक करायला उघडलं होतं" म्हणून देत होते. असं खोकं घ्यायचं नाही, पाचशे रुपये कमी केले तरी नाही.

8. घरी आणल्यावर

किंडलवर ईपब केबलने नुसती टाकली तर ती दिसत नाही. "सेंड टू किंडल"च्या वेबपानावरून पाठवावी लागते, मग ती बदलून येते. तिथे 200 एमबीपर्यंतची फाइल चालते, ईमेलने 50 एमबीपर्यंतची. ईमेलने पाठवणार असाल तर आधी ॲमेझॉनच्या खात्यात तुमचा पत्ता मंजूर यादीत घाला. हे न केल्यामुळे "पाठवलं पण आलंच नाही" ही तक्रार सगळ्यात जास्त येते.

संगणकावर कॅलिबर हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. पुस्तकांची नावं, लेखक, मुखपृष्ठं नीट लावायला आणि फाइलचा प्रकार बदलायला याला तोड नाही. ते सुरू करणारा प्रोग्रामर कोविद गोयल भारतीय आहे.

ई-रीडर घेतला आणि तरी एखादं स्कॅन वाचायचंच आहे, तर के-टू-पीडीएफ-ऑप्ट हे साधन वापरा. ते पानाचा फोटो शब्दांशब्दांवर कापून लहान पडद्याच्या ओळींत पुन्हा मांडतं. फॉन्टशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे श्रीलिपीचं पुस्तकही चालतं. शाई पुसट किंवा पान तिरकं असेल तर काही ओळी तुटतात. दहा पानं करून बघा, पटलं तर पूर्ण पुस्तक करा.

टॅबवर पहिल्या दिवशी नको असलेली ॲप काढा, "रीडिंग मोड" सुरू करा, घरचे सगळे वापरणार असतील तर प्रत्येकासाठी वेगळं खातं करा. आईवडिलांच्या टॅबवर बँकेचं ॲप टाकू नका. वाचायच्या यंत्रावर ओटीपी विचारणारे फोन आणि मेसेज यायलाच नकोत.

फायलींच्या दोन प्रती ठेवा: एक गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी, एक हार्ड डिस्कवर. आणि ती डिस्क टॅबच्याच कपाटात ठेवू नका. नदीकाठच्या घरात तर वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे.

ऑनलाइन घेतलेलं यंत्र बदलून द्यायची मुदत थोड्याच दिवसांची असते. त्या दिवसांत ते कपाटात ठेवायचं नाही. रोज वाचा, रात्री दिवा बंद करून पडद्याच्या कडांना उजेड सारखा पडतो का बघा, पांढऱ्या पानावर न हलणारा काळा ठिपका आहे का बघा, एकदा पूर्ण चार्ज करून संपेपर्यंत वापरा. काही खटकलं तर फोटो काढून त्याच दिवशी तक्रार नोंदवा आणि खोकं, पिशव्या, केबलची तार बांधलेली दोरीसुद्धा मुदत संपेपर्यंत टाकू नका.